परभणीचे स्टेशन व त्याच्या रुळांची रुंदी

आगगाडीचे स्टेशन म्हणजे शहराचा दरवाजा, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ह्या उपमेत तथ्य आहे. परंतु दरवाजा कोणत्या दिशेस उघडतो, किती रुंद उघडतो आणि त्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती असतात, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज त्या उपमेपासून विशेष बोध होत नाही. आपल्या परभणीच्या स्टेशनास हेच तीन प्रश्न विचारावे, असे ह्या लेखात योजिले आहे. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही रोज ज्या फलाटावरून जाता-येता, त्याच्या रुळांमधील अंतरावर तुमच्या आजोबा-पणजोबांच्या कापसाचा भाव काही अंशी अवलंबून होता, हे वाचून तुम्हांस कदाचित नवल वाटेल.

प्रथम रेल्वेपूर्वीची स्थिती ध्यानात घ्यावी. मुंबईहून ईशान्येकडे निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची सडक १८६० च्या दशकातच मनमाडवरून पुढे गेली होती. परंतु मनमाडपासून परभणीपर्यंतचे सुमारे १८० मैल अंतर बैलगाडीनेच काटावे लागे. कापूस, ज्वारी, करडई हा सारा माल गाड्यांवर लादून घाटरस्त्याने न्यावयाचा, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या चिखलाने चाके रुतली की मुक्काम करावयाचा, असा तो प्रकार होता. रे. नारायण शेषाद्री ह्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती खेडे वसविले, तेव्हा त्या बाजूसही लोहमार्गाचा मागमूस नव्हता. ते १८९१ साली परलोकवासी झाले, त्यानंतर आठ-दहा वर्षांनी जालन्यास गाडी आली.

त्या वेळी आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. त्या संस्थानात पहिली रेल्वे १८७४ मध्ये वाडीपासून सिकंदराबादेपर्यंत सुरू झाली. पुढे रेल्वेचे काम एका विलायती कंपनीकडे सोपविण्यात आले. तिचे नाव निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे, म्हणजे हमीची रेल्वे. ह्या 'हमी' शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. लंडनमध्ये भांडवल उभे करावयाचे, आणि गाड्यांस नफा होवो वा न होवो, भांडवलवाल्यांना ठरलेले व्याज संस्थानच्या खजिन्यातून द्यावयाचे, असा तो करार होता. नफा झाला तर तो कंपनीचा, तूट आली तर ती रयतेची! हा व्यवहार लोकांपुढे खुला करावा अशी मागणी हैदराबादेतील काही सुशिक्षितांनी १८८३ मध्ये केली. त्यांचे अग्रणी डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडू ह्यांचे वडील, ह्यांना त्यापायी संस्थानाबाहेर घालविण्यात आले. नंतर त्यांना परत बोलाविले, ही गोष्ट निराळी. इतिहासात हे प्रकरण चांदा रेल्वेचे प्रकरण म्हणून प्रसिद्ध आहे. रेल्वेच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारणे हे त्या काळी किती धाडसाचे काम होते, ते ह्यावरून दिसेल.

परभणीस गाडी आली ती ह्याच कंपनीच्या हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेने. हा मार्ग १८९९ पासून १९०१ पर्यंत टप्प्याटप्प्याने खुला झाला. हैदराबाद ते मनमाड ही त्याची लांबी ३९१ मैल, म्हणजे सुमारे ६२९ किलोमीटर. आज परभणीपासून मनमाड सुमारे २९० किलोमीटर आहे. तेव्हा परभणी ह्या मार्गाच्या मध्यापासून कोणत्या बाजूस व किती किलोमीटर सरकलेली आहे, हे गणित पाचवी-सहावीच्या मुलांनी अवश्य करून पाहावे. नाव गोदावरी खोऱ्याचे असले तरी आपल्या जिल्ह्यात ही मूळ सडक गोदावरीच्या उत्तरेनेच जाते, हेही नकाशावर पाहण्यासारखे आहे.

ज्या दिवसांत रूळ पडत होते, त्याच दिवसांत १८९९–१९०० चा भयंकर दुष्काळ पडला. औरंगाबाद, बीड, परभणी हे जिल्हे त्यात होरपळून निघाले. रेल्वे व दुष्काळ ह्यांचा संबंध दुहेरी असतो, असे अर्थशास्त्र सांगते. गाडी बाहेरचे धान्य आणून प्राण वाचवू शकते. आणि बाहेर भाव चढला की गावचे धान्य भरून घेऊनही जाऊ शकते. २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास पाण्याच्या वाघिणी भरून नेल्या, ते पहिल्या प्रकारचे उदाहरण तुमच्या वडील माणसांच्या स्मरणात असेलच. १९०१ च्या खानेसुमारीत परभणी हे सुमारे दहा हजार वस्तीचे गाव होते. २०११ मध्ये ती संख्या तीन लाखांवर गेली. एवढी वाढ एकट्या रेल्वेने झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने परभणी, मानवत, सेलू ह्या पट्ट्यात भरभराटीस आले, ह्याचे श्रेय लोहमार्गास दिलेच पाहिजे.

आता रुंदीकडे वळू. शाळेच्या पटांगणात चुन्याने तीन जोडरेघा आखाव्या. पहिल्या जोडीत १,६७६ मिलिमीटर, म्हणजे ५ फूट ६ इंच अंतर ठेवावे; दुसरीत १,००० मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक मीटर; तिसरीत ७६२ मिलिमीटर, म्हणजे २ फूट ६ इंच. पहिली ती ब्रॉडगेज, दुसरी मीटरगेज व तिसरी नॅरोगेज. मुंबई ते मनमाड ही सडक पहिल्या मापाची होती. परभणीवरून गेलेली सडक दुसऱ्या मापाची. तिसऱ्या मापाची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून सुरू झाली व पुढे लातुरापर्यंत आली. म्हणजे एका मराठवाड्याच्या अंगणात तीन निरनिराळ्या मापांचे रूळ येऊन थांबले होते. ज्याने हे माप ठरविले त्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. अरुंद मार्गाला जमीन थोडी लागते, रूळ हलके चालतात, पूल लहान होतात, वळणे आखूड घेता येतात. एकूण खर्च कमी. हमीच्या व्याजाचा भार पाहता हा विचार शहाणपणाचाही म्हणता येईल. परंतु एका मापाची चाके दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नाहीत, ह्या साध्या गोष्टीची किंमत मात्र बांधणाऱ्याने दिली नाही. ती माल पाठविणाऱ्याने दिली.

ती कशी, ते पाहा. परभणीच्या मालधक्क्यावर कापसाच्या गाठी वाघिणीत भरल्या. गाडी मनमाडास पोहोचली. मुंबईची मोठी वाघीण शेजारच्याच रुळावर उभी. परंतु त्या दोहोंमध्ये हमालांची पाठ. प्रत्येक गाठ उतरवावयाची, वाहून न्यावयाची, पुन्हा चढवावयाची. हमाली निराळी, विलंब निराळा, फाटतूट व गहाळी निराळी. मोठी वाघीण वेळेवर मिळाली नाही तर माल पडून राहणार. मुंबईच्या पेढीवर कापसाचा भाव ठरतो आणि त्यातून वाटेचा खर्च वजा करून व्यापारी शेतकऱ्याच्या हातावर रक्कम ठेवतो, हे व्यापारातील सामान्य तत्त्व आहे. म्हणून मनमाडच्या धक्क्यावरील हमाली अखेर परभणीच्या शेतकऱ्याच्या पदरातून जात असे, मग त्याने मनमाड जन्मात पाहिलेले नसले तरी.

त्यात आणखी एक भर होती. मनमाड हे इंग्रजी मुलखात, आणि परभणी संस्थानात. संस्थानचा स्वतःचा हाली शिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा स्थूल हिशेब असे. संस्थानच्या सरहद्दीवर जकात घेणाऱ्या खात्यास करोडगिरी म्हणत. उतारूने गाठोडे सोडून दाखवावे, जकात भरावी, नाणे बदलावे आणि मग मोठ्या गाडीचे तिकीट काढावे, असा तो प्रवास होता. ह्याउलट हैदराबादेकडे जाताना रूळ तेच, नाणे तेच, राज्यही तेच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. परभणीचा दरवाजा पूर्वेकडे सताड उघडा होता, आणि पश्चिमेकडे त्याला एक उंच उंबरठा होता.

ह्यानंतर परभणीस 'जंक्शन' हे पद मिळाले. जेथे लोहमार्गास फाटा फुटतो ते जंक्शन होय. पूर्वेस अठ्ठावीस किलोमीटरांवर असलेल्या पूर्णेहून १९१२ मध्ये हिंगोलीचा फाटा निघाला, आणि पुढे परभणीहून गंगाखेडवरून परळीचा. हा दुसरा फाटा मात्र गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडतो. संत जनाबाईंचे गंगाखेड व वैद्यनाथाची परळी ही दोन्ही स्थाने त्यामुळे परभणीस जोडली गेली. परंतु परळीस विकाराबादेकडून जी सडक आली ती ब्रॉडगेज होती! तेव्हा तेथेही मनमाडचीच पुनरावृत्ती. १९३० मध्ये निजाम सरकारने कंपनीकडून सारी रेल्वे विकत घेतली, आणि १९३२ मध्ये ह्याच रेल्वे खात्याने सत्तावीस मोटारींनिशी बसवाहतूक सुरू केली. पुढे दोन राज्यांत ज्या सार्वजनिक बसगाड्या चालू लागल्या त्यांचे मूळ ह्या खात्यात आहे, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

त्या काळच्या सोयींविषयी थोडे सांगितले पाहिजे. पहिला, दुसरा, मधला व तिसरा असे वर्ग असत. बहुसंख्य लोक तिसऱ्याने जात आणि रेल्वेचे बहुतेक उतारू-उत्पन्न त्यांच्याच भाड्याचे असे, तरी विसाव्याची बरी खोली मात्र वरच्या वर्गांसाठी. तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावाने रद्द झाला. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पाण्याची. स्वातंत्र्यापूर्वी देशभर स्टेशनांवर 'हिंदू पाणी' व 'मुसलमान पाणी' अशी निराळी भांडी ठेवण्याची वहिवाट होती. ख्रिस्ती उतारूने कोणत्या भांड्यापुढे ओंजळ धरावी, ह्याचा खुलासा कोठे लिहिलेला नसे. आणि अस्पृश्य मानलेल्या बांधवाला दोन्हींकडून हटकले जाई. गाडीच्या डब्यात मात्र सर्वांना एकाच बाकावर खेटून बसावे लागे. आपल्याकडील जातिभेदाच्या भिंतीला आगगाडीने पहिली फट पाडली असे पुष्कळ लेखक म्हणतात. फट पडली हे खरे. फलाटावरील घागरींनी ती बुजविण्याचा यत्न केला हेही तितकेच खरे.

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळत नाहीत, हे कसे, असा प्रश्न पुष्कळ मुले विचारतात. परभणीच्या परिसरात मीटरगेज असताना ह्यासाठी जी युक्ती वापरीत ती विज्ञानाच्या वर्गात शिकविण्याजोगी आहे. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांत तारेने जोडलेले एकेक यंत्र असे व त्यात धातूचे गोळे ठेवलेले असत. परभणीच्या मास्तरास गाडी पिंगळीकडे सोडावयाची असेल, तर त्याने पिंगळीच्या मास्तरास घंटेने विचारावे. त्याने आपल्या यंत्राची कळ दाबून धरिली तरच परभणीच्या यंत्रातून गोळा बाहेर पडे. तो गोळा इंजिनवाल्याच्या हाती पडल्याशिवाय त्याने गाडी हलवावयाची नाही. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघत नसे. म्हणून त्या दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी! न थांबणाऱ्या गाडीसाठी वेताच्या मोठ्या कड्याला पिशवी बांधून त्यात गोळा ठेवीत, आणि फलाटाच्या टोकाशी उभा असलेला माणूस ते कडे धावत्या इंजिनावरील माणसाच्या हातात अडकवी. एका गोळ्यावर शेकडो जिवांचा भरवसा असे. आता हे काम विजेची मंडले व रंगीत दिवे करतात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५१ मध्ये निजामाची रेल्वे नव्या मध्य रेल्वेत सामील झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य निर्माण झाले. परभणीची राजधानी आता मुंबई झाली. न्यायालय, मंत्रालय, बाजार, मोठे दवाखाने, सारे पश्चिमेस. परंतु रूळ होते तेच राहिले. राज्य बदलण्यास एक दिवस पुरला. रूळ बदलण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. १९६० नंतरही परभणीचा मनुष्य मुंबईस निघाला की लहान गाडीने मनमाडापर्यंत जाई, आणि तेथे पोरेबाळे, वळकट्या व पाण्याची सुरई सांभाळीत गाडी बदली. करोडगिरी गेली, हाली रुपया गेला, उंबरठा तसाच राहिला.

हा उंबरठा काढावा म्हणून मराठवाड्यातील लोकांनी दीर्घकाळ मागणी केली. गोविंदभाई श्रॉफ ह्यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने ज्या प्रश्नांचा पाठपुरावा केला, त्यांत मनमाडपासूनचा मार्ग रुंद करण्याचा प्रश्न अग्रभागी होता. वयाने थोर झालेल्या स्वातंत्र्यसैनिकांना रुळांच्या ६७६ मिलिमीटर फरकासाठी पुन्हा लढावे लागले, हे लिहिताना मनास खेद होतो. पण त्यांनी ते काम कमी प्रतीचे मानले नाही, हे विशेष. १९९२ मध्ये भारतीय रेल्वेने सर्वत्र एकच रुंदी ठेवण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्या दशकात मनमाडपासून परभणी-पूर्णेपर्यंत मोठे रूळ पडले. पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये रुंद झाला.

ह्याचा परिणाम प्रत्यक्ष पाहावयाचा असल्यास गाड्यांच्या फलकापुढे दहा मिनिटे उभे राहावे. देवगिरी, तपोवन, नंदीग्राम ह्या गाड्या परभणीहून न बदलता थेट मुंबईस जातात. सचखंड एक्स्प्रेस नांदेडच्या हुजूर साहिबापासून अमृतसरापर्यंत जाते, आणि तिच्या उतारूंना वाटेत काही स्थानकांवर शीख बांधव लंगरचे जेवण विनामूल्य वाढतात. मीटरगेजच्या काळी मनमाड व हैदराबाद ह्यांमध्ये धावणारी अजिंठा एक्स्प्रेस रुंद रुळांवरही आपले नाव राखून आहे. ऑगस्ट २०२५ पासून नांदेड–मुंबई वंदे भारत गाडीही परभणीस थांबू लागली. परळीच्या फाट्यावरून लातूर, कुर्डुवाडी मार्गे पुण्याकडे जाता येऊ लागले, कारण बार्शीची नॅरोगेजही तोवर रुंद झाली होती.

तथापि नफ्याबरोबर तोटाही नमूद केला पाहिजे. पूर्णा हे मीटरगेजचे मोठे ठाणे होते. इंजिनांची शेड, रेल्वे कामगारांच्या चाळी, त्यांवर चालणारी दुकाने, असा तेथे सारा संसार होता. रूळ रुंद झाले तसे ते काम आटले, आणि पूर्णेची ही खंत आजही तेथील वृद्धांच्या बोलण्यात येते. हैदराबादेहून पूर्णा, अकोला, खंडवा ह्या मार्गाने राजस्थानापर्यंत जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस ही मीटरगेजची लांब पल्ल्याची गाडी होती; मधला दुवा तुटल्यावर तिचा तो मार्गही राहिला नाही. पूर्णेच्या रेल्वे वसाहतीतून एकदा फिरून आल्यास, सुधारणेची किंमत सर्वांनी सारखी दिली नाही, हे सांगण्यासाठी निराळ्या पुस्तकाची गरज पडणार नाही.

आता तिसरा प्रश्न, किल्ल्यांचा. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे निर्माण झाली. तिचे मुख्य कार्यालय सिकंदराबादेस. १ एप्रिल २००३ पासून नांदेडास निराळा विभाग झाला व परभणी त्यात आली. त्यामुळे तक्रारीचा कागद निदान नांदेडापर्यंतच जाऊ लागला, ही मोठी सोय झाली. परंतु नवी गाडी, जादा डबे, वेळापत्रक ह्यांचा विचार ज्या रेल्वेत होतो तिचे मुख्य ठाणे महाराष्ट्राबाहेर, म्हणून नांदेड विभाग मुंबईच्या मध्य रेल्वेस जोडावा, अशी मागणी मराठवाड्यात पुष्कळ वर्षे होत आली आहे. दुसरी बाजूही आहे. आपल्या लोकांचे हैदराबादेशी व्यापाराचे, शिक्षणाचे, दवाखान्याचे संबंध जुने आहेत. तिकडील गाड्या कमी झालेल्या कोणासच परवडणार नाहीत. प्रस्तुत लेखकास वाटते की कार्यालय कोठे आहे ह्यापेक्षा मधल्या मार्गाची वहनशक्ती किती आहे, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

कारण रुंदीचा प्रश्न सुटला तरी संख्येचा उरला. परभणीहून मुदखेडपर्यंतचा सुमारे ८१ किलोमीटर मार्ग दुहेरी झाला आहे. परभणीपासून छत्रपती संभाजीनगरापर्यंतचे, म्हणजे जुन्या औरंगाबादपर्यंतचे, १७७ किलोमीटर मात्र एकेरी राहिले. त्यांच्या दुहेरीकरणास २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असली की एकीने कोठेतरी बाजूस थांबावेच लागते. पेडगाव किंवा देवळगाव अवचारसारख्या लहान स्टेशनावर आपली गाडी कारण न सांगता अर्धा तास उभी राहते आणि डब्यातील मंडळी गार्डास दोष देतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. मार्गावर विजेच्या तारा आल्या, इंजिने बदलली. पण एका रुळावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, ही अडचण विजेने दूर होत नाही.

स्टेशनाच्या सुधारणेसाठी परभणीचा समावेश अमृत भारत स्थानक योजनेत झाला आहे. विसाव्याच्या खोल्या, पादचारी पूल, उद्वाहक, अपंगांसाठी उतार, स्वच्छतागृहे, अशी कामे ह्या योजनेत येतात. पालकांनी मुलांना घेऊन जाताना नव्या दर्शनी भागाचे कौतुक अवश्य करावे. पण पिण्याच्या पाण्याच्या तोट्यांना पाणी आहे काय, आणि चाकांच्या खुर्चीतील वृद्धास दुसऱ्या फलाटावर कोणाच्या खांद्याशिवाय जाता येते काय, हेही पाहावे. नसेल तर स्टेशनमास्तरांकडील तक्रारवहीत तारीख घालून लिहावे. ती वही मागणे हा प्रत्येक उतारूचा हक्क आहे.

ज्या विद्यार्थ्यांना हा अभ्यास पुढे न्यावयाचा आहे त्यांनी फलाटाच्या टोकावरील पिवळ्या पाटीपासून प्रारंभ करावा. तीवर स्टेशनाचे नाव निरनिराळ्या लिपींत व समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली असते. तीच उंची मनमाड, पूर्णा व नांदेड येथील पाट्यांवरून टिपून घेतली म्हणजे गाडी कोठे चढते व कोठे उतरते ह्याचा आलेख वर्गात काढता येईल. सुटीत आजोळी जाणाऱ्यांनी ही टिपणे आणावी. पुढील सत्रात भूगोलाच्या तासाला ती लागतील. फलाटावर जाण्यापूर्वी फलाट-तिकीट मात्र प्रत्येकाने काढावे.